नावेच्या ट्रेलरचं वजन

आमच्या आण्णांनी आयुष्यात एकच हलकी वस्तू बनवली, आणि तिचं पासिंग काही शेवटपर्यंत झालं नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांची शेड होती. तिथं ऊस वाहायच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या बनायच्या. कोडोलीपासून हातकणंगल्यापर्यंत कुठल्याही गावात जा, रस्त्याच्या कडेला आमच्या शेडमधली एखादी तरी ट्रॉली उभारलेली दिसायची, आणि ती लांबूनही ओळखू यायची, कारण तिचं लोखंड शेजारच्या ट्रॉलीपेक्षा दीडपट जाड असायचं. जाड म्हणजे चांगलं आणि जड म्हणजे भक्कम, एवढंच त्यांचं गणित. घरातही तीच तऱ्हा. आईला त्यांनी तवा करून दिला तो असा, की एका हातानं उचलेल तर शप्पथ. माझ्या पुस्तकांसाठी लोखंडी मांडणी केली, ती बसवल्यावर भिंतीलाच चीर गेली. तोंडानं दोन गोड शब्द बोलायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. माया दाखवायची ती लोखंडातनंच.

मी बी.कॉम. झाले आणि शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कागदपत्रं बघायला बसले. नोकरी मिळेपर्यंत म्हणून बसले ती बसलेच. नवी ट्रॉली तयार झाली की आधी ती वजनकाट्यावर न्यायची, रिकाम्या वजनाची चिठ्ठी घ्यायची, मग आरटीओत साहेबांना दाखवायची, की नंबर मिळतो. यालाच आमच्याकडं पासिंग म्हणतात. काट्यावरचा माणूस आण्णांना चांगला ओळखायचा. आमची ट्रॉली वळणावर दिसली की आतूनच ओरडायचा, "आली बघा आण्णांची! काटा धरा घट्ट!" आणि आकडा सांगितला की आण्णा मिशीवरनं हात फिरवायचे. दुसऱ्यांना पोरांच्या मार्कांचं कौतुक असतं ना, तसलं यांना ट्रॉलीच्या वजनाचं.

त्यांचा आणखी एक नेम होता. ट्रॉली कुणाच्या दारात नेऊन पोचवायची नाही. मालकानं स्वतः शेडमध्ये यायचं, स्वतःच्या हातानं चाकापुढं नारळ फोडायचा आणि मगच ट्रॉली बाहेर काढायची. एकदा एका बागायतदारानं ड्रायव्हरबरोबर नारळ पाठवला होता. आण्णांनी ड्रायव्हरला चहा पाजला, नारळ त्याच्या पिशवीत परत ठेवला आणि सांगितलं, "मालकाला म्हणावं, सवड झाली की ये." मालक आला. दोन दिवस रुसून का होईना, आला.

आता काकांचं सांगते. काका आमच्या रक्ताचे कुणी नव्हेत. पंचगंगेच्या काठावर त्यांचं गाव, आणि त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नाव चालवायचं काम. नदीच्या अलीकडं आण्णांचं मूळ गाव, पलीकडं काकांचं. आण्णा लहानपणी रोज काठावर उभारून हाळी मारायचे, "होऽऽ नाऽऽव!" की पलीकडनं काकांचे वडील नाव सोडायचे. पुढं वल्हं काकांच्या हातात आलं. शाळा, तालीम, आण्णांचं लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्याच नावेतनं गेलेलं. आण्णा शहरात आले तरी दर गुरुवारी काका शेडमध्ये यायचे. एकमेकांना "मर्दा" म्हणून शिव्या घालत दोघं तासन्‌तास चहा प्यायचे. आण्णा घरी आमच्याशी वर्षभरात बोलायचे नाहीत तेवढं त्या एका बैठकीत बोलायचे. मला त्याचा लहानपणी राग यायचा, खोटं कशाला सांगू.

नव्वदच्या पुढं कधीतरी त्या दोन गावांमधल्या नदीवर पूल झाला. उद्घाटनाला पेढे वाटले, हलगी वाजली. दुसऱ्या दिवसापासून नावेत बसायला माणूस नाही. काका तरीही महिनाभर नाव धुऊनपुसून काठाला लावून बसायचे म्हणे. मग हळूहळू ती गणपती विसर्जनाला आणि पुराच्या वेळी, एवढ्यापुरतीच राहिली. काका गुरुवारी यायचे, हसायचे, जायचे. पण पुलाचा विषय निघाला की चहाची बशी खाली ठेवायचे, हे मी बघितलेलं आहे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी काका म्हणाले, "मर्दा, मला एक ट्रेलर करून दे. नाव घालायला."

"कशाला?"

"पूर काय एकाच गावाला येतोय व्हय? वरच्या वाडीला पाणी भरलं की माझी नाव इथं आणि माणसं तिथं. उलट्या धारेला वल्हवत न्यायची म्हटलं तर दिवस जातोय. ट्रॅक्टर मागावा तर पुरात ज्याचा त्याचा ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या म्हशी हलवायला. आमच्या दूध संस्थेची जुनी जीप हाय, ती देतो म्हणालेत. जीपमागं लागंल असा कर."

"करतो की!" आण्णा म्हणाले. एवढ्या खुशीत त्यांना मी क्वचित बघितलं असेल.

आरटीओतल्या एजंटाला विचारून मी आण्णांना स्पष्ट सांगितलं होतं, की जीपमागं पास करून घ्यायचा तर रिकामा ट्रेलर पाचशे किलोच्या आत पाहिजे. त्यांनी "हं" केलं. ते "हं" मला तेव्हाच कळायला हवं होतं. कारण पुढचे तीन आठवडे शेडमध्ये जे काही उभं राहिलं, ते बघून आमचा जुना वेल्डर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ह्यात नाव न्यायची हाय का रेल्वेचं इंजिन?" दोन्ही बाजूंना ट्रॉलीचे जाड लोखंडी चॅनल. खाली ट्रॉलीचाच एक्सल. नावेचा तळ घासू नये म्हणून आडवे पट्टे, त्यांवर रबर, आणि ते रबर बसवायला पुन्हा जाड पट्ट्या. जिवाभावाच्या दोस्तासाठी करायचं म्हटल्यावर लोखंडात हात आखडता कोण घेणार! मी एकदा बोलले. ते म्हणाले, "पुराच्या पाण्यात न्यायचंय ते. मोडलं तर?"

वजनाच्या दिवशी गावाकडनं जीप आली. काका नवी टोपी घालून पुढं बसलेले, मागं गावातले चार-पाच जण. ट्रेलरला झेंडूची माळ घातली होती. जीप त्याला ओढून शेडबाहेर काढताना अशी काही कण्हली, की आई शेडलगतच्या घरातनं बाहेर आली. काट्यापर्यंतच्या चढावर तर गावची माणसं खाली उतरून ढकलत होती. काट्यावर चढायच्या वेळी मात्र सगळे पटापट ट्रेलरवर चढून बसले. आण्णासुद्धा! जन्मभर ऊस घातलेली माणसं ती. भरल्या ट्रॉलीवर बसून काट्यावर चढायचं आणि रिकामी ट्रॉली मोजताना गुपचूप उतरायचं, म्हणजे उसाचं वजन मणभर का होईना जास्त भरतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. इथं वजन कमी भरायला हवंय हे कुणाच्या ध्यानातच नाही.

"अवो उतरा की खाली!" काट्यावरचा माणूस ओरडला. "ऊस हाय व्हय तुमी?"

सगळे हसत हसत उतरले. जीप सोडवून पुढं घेतली. काट्यावर नुसता ट्रेलर राहिला, माळ घातलेला. आतून आकडा आला, "अकराशे ऐंशी!"

आणि आण्णांचा हात सवयीनं मिशीकडं गेला.

"आण्णा, हे जीपमागं न्हाय बसायचं," काट्यावरचा माणूस खिडकीतनं डोकं काढून म्हणाला. "साहेब बघायच्या आधीच परत पाठवतील. ट्रॅक्टरमागं पासिंग करा, न्हाय तर निम्मं कापा."

मागं ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले. त्यांत आमची दोन-चार गिऱ्हाइकंही होती. काका मोठ्यानं हसले. लहानपणापासनं एकमेकांना हसत आले होते तसंच हसले, त्यात वाईट काही नव्हतं. म्हणाले, "मर्दा, नाव न्यायचीय रं, साखर कारखाना न्हवं! तुला जन्मात हलकं काय करताच आलं न्हाय बघ!"

सगळी रांग हसली. ज्या काट्यावर आण्णा मिशी कुरवाळायचे, त्याच काट्यावर लोक त्यांना हसले. त्यांचा चेहरा लाल झालेला मला दिसला. मी पुढं होणार एवढ्यात ते बोलून गेले.

"तुझ्या नावंला ट्रेलर पाहिजेच कशाला? पूल झाल्यापासनं तुला इचारतंय कोण? चुलीत घाल ती नाव!"

हसणं एकदम थांबलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी केली आणि खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. एवढंच. मग जीपमध्ये जाऊन बसले. गावची माणसं एकमेकांकडं बघत त्यांच्यामागं बसली आणि जीप निघून गेली. ओझं सुटल्यामुळं किती सहज निघून गेली ती!

मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले. ट्रेलर ढकलून काट्यावरनं खाली घ्यायला आम्हाला आठ माणसं लागली. आण्णाही ढकलत होते. माळेतली फुलं त्यांच्या पायाखाली येत होती.

घरी आल्यावर मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले. माझं तोंड लहानपणापासनं तसलंच. "जीभ हाय का गॅस कटर?" असं विचारलं बापाला. त्यांनी उलटून एक शब्द काढला नाही, आणि त्यावरनंच मला कळलं की बाण त्यांनाही लागलाय. पुढच्या गुरुवारी त्यांनी दोन कप चहा सांगितला. काका आले नाहीत. दुसऱ्या कपावर साय धरली, मग तो वेल्डरनं पिऊन टाकला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी एकच कप सांगितला.

मग एका दुपारी कामगार भाकरी खायला बसले असताना शेडमागनं गॅस कटरचा आवाज आला. जाऊन बघते तर आण्णा ट्रेलरचा चॅनल कापत होते. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं काम कधी कापलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आत जा. ठिणगी उडंल."

त्यानंतर रोज दुपारी हेच. चॅनल काढून तिथं पोकळ पाइप बसवला. एक्सल बदलला. कुठं भोकं पाडली, कुठं पट्टी तासली. उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते त्या वयात शिकायचं म्हणजे गंमत नव्हे. एक पाइप बसवायचे, बाजूला होऊन त्याच्याकडं बघत उभारायचे, मग नावेचा भार किती, खड्डा आला तर काय, असं काहीतरी पुटपुटत पुन्हा काढायचे. दर आठ-दहा दिवसांनी ट्रेलर काट्यावर जायचा. एकदा सातशे वीस भरला. एकदा सहाशे दहा. वजन कमी झाल्याचा आनंद त्यांना करायला यायचा नाही. आकडा ऐकून ओशाळल्यासारखे उभारायचे. शेवटी उन्हाळा संपत आला तेव्हा काट्यावरचा तो माणूस आकडा ओरडलाच नाही. बाहेर आला, ट्रेलरभोवती फिरला आणि म्हणाला, "चारशे साठ. आण्णा, तुमी सोता केलाय ह्यो?"

काय देखणा झाला होता तो! मी एका हातानं त्याचा हूक धरून ओढला तर माझ्यामागं चालत आला. आण्णांनी त्याला निळा रंग दिला. पुढच्या दांडीला लाल कापडात एक नारळ बांधून ठेवला. आणि शेडच्या तोंडाशी, रस्त्यावरनं येणाऱ्याला दिसेल असा उभा केला.

"कळवू काकांना?" मी विचारलं.

"कळवायचं काय त्यात? मालकानं यावं, नारळ फोडावा, घेऊन जावं. माझी रीत तुला ठावी न्हाय व्हय?"

कागदावर सही तर काकांचीच लागणार होती, गाडी त्यांच्या नावावर व्हायची होती. त्यांच्याशिवाय पासिंग शक्यच नव्हतं. म्हणून शेवटी मीच एका सकाळी एसटीनं त्यांच्या गावाला गेले. काका काठावर नाव पालथी घालून तिच्या तळाला डांबर लावत बसले होते. मला बघून तोंड भरून हसले.

"त्यानं पाठवलं?"

मी हो म्हणाले असते तर? हा विचार पुढं शंभर वेळा करून झालाय. पण खोटं मला येत नाही. "न्हाय. मीच आलेय."

"मग चहा घे आणि जा, पोरी."

"काका, आण्णांचं चुकलं. ते त्यांनाही कळतंय. पण तुम्ही एकदा या की शेडवर."

त्यांनी ब्रश डब्यात उभा केला. "हे बघ. माझ्या बापानं हाळी आल्याबिगर कधी नाव सोडली न्हाय. पलीकडं माणूस उभारलेलं दिसलं तरी न्हाय. काय सांगावं, नुसतं पाय धुवायला आलं असंल. ज्याला यायचंय त्यानं हाळी मारायची. मग भर धारेत का असंना, आपण नाव सोडायची. तुझ्या बापाला हे चांगलं ठावं हाय. त्याची हाळी मी झोपेतनं वळखीन. त्यानं नुसती एक हाळी मारू दे."

"तुम्ही दोघंबी येडं हायसा," मी म्हणाले.

"व्हय की!" ते पुन्हा हसले. काकूंनी चहा दिला. मी निघताना, माझ्याकडं न बघता, त्यांनी हळूच विचारलं, "किती भरलाय आता?"

"चारशे साठ."

"खोटं बोलतीस."

"काट्यावरची चिठ्ठी हाय माझ्याकडं."

काकांनी नदीकडं तोंड फिरवलं. "त्यानं केला? एवढा हलका?" म्हणाले, आणि डोळे पुसले. डांबराचा धूर गेला असं म्हणाले. डांबर तर केव्हाच गार झालं होतं.

मी घरी येऊन आण्णांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. तर म्हणाले, "ह्या वयात काठावर उभारून बोंबलू व्हय मी? लोक काय म्हणतील?" मी चिडून ताटावरनं उठले. एकाला मालक दारात यायला हवा होता आणि दुसऱ्याला काठावरनं हाळी हवी होती. दोघांच्याही पोटात माया ओसंडत होती, पण पहिलं पाऊल टाकायला दोघांनाही आपापल्या धंद्याची रीत आडवी येत होती. कर्म आमचं!

त्याच पावसाळ्यात तो मोठा पूर आला. शहरातले रस्ते बंद झाले, नदीकाठची गावं तुटली. आणि ज्या पुलावरनं आण्णा काकांना टोचून बोलले होते, तो पूलच पाण्याखाली गेला. शेडमध्ये बसून आम्ही येईल-जाईल त्याला विचारत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकांच्या बाजूचा एक दूधवाला कसाबसा शहरात पोचला. तो सांगत होता, "नाववाल्यानं लई केलं. वल्हं हातातनं सोडलं न्हाय गड्यानं. आमचं गाव सगळं त्यानंच काढलं. मग वरच्या वाडीला पाणी चढलं, तर तिकडं धार लई, नाव जाईना. मग पोरांनी नाव खांद्यावर घेतली आणि माळावरनं चालत न्हेली. म्हातारा म्होरं. त्यानंबी खांदा दिला. ऐकतोय कुणाचं!"

"खांद्यावरनं?" आण्णांनी विचारलं.

"व्हय. ओली नाव, केवढं वजन सांगा की."

शेडच्या तोंडाशी तो निळा ट्रेलर पावसात भिजत उभा होता. नारळावरचं लाल कापड विटून गेलं होतं. आण्णा त्याच्याकडं बघत खाली बसले, जमिनीवरच. मग उठले, शेजारच्याची जीप मागितली, ट्रेलर जोडला आणि निघाले. आईनं ओरडून सांगितलं, ऐकलं नाही. दोन-तीन रस्त्यांनी प्रयत्न केला, सगळीकडं पाणी. शेवटी पोलिसांनी मागं पाठवलं. ओलेचिंब होऊन परत आले.

पाणी उतरलं. मी म्हणाले, "चला आता." तर म्हणाले, "चिखल वाळू दे. ट्रेलर रुतंल."

"हलका हाय की! कशाला रुतंल?"

त्यांनी मान खाली घातली. "काय तोंड घेऊन जाऊ गं?" म्हणाले. माझ्या बापाला इतकं बारीक झालेलं मी तोवर बघितलं नव्हतं. त्यामुळं मीही गप्प बसले. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, स्वतःच उठतील. आणि ते उठलेही. एका सकाळी दाढी करून, नवा नारळ आणून, जुना सोडून तिथं नवा बांधला. मला म्हणाले, "जीप बघ कुणाची मिळती काय." मी फोन करायला वळले, तर फोनच वाजला. काकांच्या गावाहून होता. पुरात भिजल्यापासनं अंगात ताप होता, दवाखान्यात नेलं होतं, पहाटे काका गेले.

आम्ही गेलो. ट्रेलर जोडूनच गेलो. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी मालकाच्या दारात नेऊन पोचवली, नारळ न फोडता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, माणसं नदीवरनं परत आली होती. काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ट्रेलरकडं बघितलं, मग आण्णांकडं. आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, पाणी उतरल्यापासनं रोज काठावर जाऊन बसायचं. अंगात ताप असताना. म्हणायचं, पूलबी बुडाला, आता तरी हाळी मारंल."

आण्णांनी हात जोडले. काकूंना नारळाचं काय करायचं कळेना, तो तसाच दांडीला राहिला. ट्रेलरही तिथंच चिंचेखाली राहिला, बिननंबरचा. पुढं त्यावर वैरण रचायला लागले, असं ऐकलं.

परतताना पुलावर आल्यावर आण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "आमच्या गावाच्या अंगाला घे. जुन्या उतारावर."

आण्णा लहानपणी जिथनं नावेत चढायचे ती ही जागा. पुरानं सगळा काठ खरवडून नेला होता, गुडघाभर गाळ होता. आण्णांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यापर्यंत गेले. पलीकडं काकांची नाव दिसत होती, काठावर ओढून ठेवलेली. तिच्या पलीकडं कुणीतरी अनोळखी माणूस पुरानं आडवा झालेला ऊस कापत होता.

आण्णांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "होऽऽ नाऽऽव!"

आवाज मध्येच चिरला. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा हाळी मारली, या वेळी मोठी, पार पलीकडं पोचेल अशी. मी मागं चिखलात उभारून रडत होते.

पलीकडच्या माणसानं विळा खाली केला, इकडं बघितलं आणि हात हलवून ओरडला, "अवो पावणं, हितं नाव न्हाय येत आता! वर पूल झालाय की! पुलावरनं या!"